आठवीची रांग

१

विहिरीत माणूस सापडला तेव्हा भूगोलाच्या बाई आठवीला वारे शिकवत होत्या.

बाहेर मैदानात नव्या इमारतीच्या खांबांसाठी खड्डे खणणं चालू होतं. यंत्राचा आवाज सकाळपासून कानांत इतका बसला होता की तो थांबल्यावरच मुलांनी माना वर केल्या. मग कुणीतरी ओरडलं. बाईंनी खडू खाली ठेवला, खिडकी लावून घेतली आणि तास पुरा केला.

पोलीस आले, डॉक्टर आले, मैदानाभोवती दोरी लागली. यंत्राच्या पात्याखाली एका जुन्या कोरड्या विहिरीचा काठ फुटला होता. तळाशी पुरुषाची हाडं होती. भरावाचा मुरूम त्यांच्यावर होता, पण हाडांच्या खाली लाकडाच्या दोन मोडलेल्या फळ्या होत्या. आजूबाजूला दगडासारखा घट्ट झालेला चुना आणि कुजलेल्या सुतळीचं गुंडाळं. डॉक्टर म्हणाले, तिशीतला माणूस, मध्यम उंची, बरीच वर्षं झाली. याहून जास्त हाडं काही सांगणार नाहीत.

तपास इन्स्पेक्टर बाईंकडे आला. त्या बदलून येऊन थोडेच दिवस झाले होते. या शाळेत त्या शिकलेल्या नव्हत्या, आणि त्या गावात अशी माणसं शोधावी लागत.

हेडसरांनी त्यांना खुर्ची दिली आणि समोर शाळेची स्मरणिका ठेवली.

"सगळं यात आहे, मॅडम. शाळा आधी लाकडाच्या वखारीत भरायची. मग ही जागा मिळाली. जागा ताब्यात येताच संस्थापक मोठ्या सरांनी विहीर बुजवून घेतली, मग चार खोल्या उठल्या, पुढच्या वर्षी बाकं आली, त्याच्या पुढच्या वर्षी मान्यता. मग वरचा मजला, प्रयोगशाळा. म्हणजे विहिरीतलं जे काही आहे ते शाळेच्या आधीचं. आमचा त्यात काही संबंध येत नाही."

"घाई आहे का?"

"सोमवारी काँक्रीट यायचंय. काँक्रीटचा माणूस म्हणजे नवरदेव हो. एकदा परत गेला की पुन्हा वळून बघत नाही."

"मग हाडांचं काय करायचं म्हणता?"

"बेवारस म्हणून जे करतात ते."

दारात भूगोलाच्या बाई उभ्या होत्या. केव्हापासून, ते कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

"बेवारस नाहीत," त्या म्हणाल्या. "ते माझे वडील असतील."

२

बाईंचे वडील या शाळेचे पहिले कवायतमास्तर. शाळेला मान्यता मिळाली त्याच सुमारास ते नाहीसे झाले. बाई तेव्हा सहा वर्षांच्या होत्या. दुसऱ्या बाईसाठी बायकामुलीला टाकून गेले, असं गावाने ठरवलं आणि विषय मिटवला.

"हे तेच, असं कशावरून म्हणता?" इन्स्पेक्टर बाईंनी विचारलं.

"कशावरूनच नाही. ते सापडले नाहीत, आणि हे सापडलेत."

आवाजात काही नव्हतं. हजेरी घेताना असतो तसा आवाज.

"ते निघाले तर बरं वाटेल?"

बाईंनी विचार केला. "बरं वाटेल की नाही ते माहीत नाही. पण टाकून गेले की नाही, एवढं कळेल. आई थकलीय. ती जायच्या आधी कळलेलं बरं."

हेडसर हळूच म्हणाले, "बाई, अहो, तुमचे वडील गेले ते शाळा इथे आल्यावर तिसऱ्या वर्षी. विहीर त्याआधीच बुजली होती. बुजलेल्या विहिरीत माणूस पडेल कसा?"

इन्स्पेक्टर बाईंनी तो प्रश्न वहीत लिहून घेतला.

मैदान बंद असल्यामुळे दुसऱ्या दिवशी सकाळच्या रांगा इमारतीच्या पुढच्या सिमेंटच्या अंगणात लागल्या. इन्स्पेक्टर बाई पायरीवर उभ्या राहून बघत होत्या. अंगण सपाट, कोरं, पाटीसारखं. पाचवी सरळ, सहावी सरळ, सातवी सरळ. आठवीची रांग पुढून सरळ आली, मधेच डावीकडे बाक घेऊन फुगली आणि शेवटी पुन्हा सरळ झाली. जणू मधे काहीतरी होतं आणि मुलं त्याला वळसा घालून उभी होती.

मधे काही नव्हतं.

त्या खाली उतरल्या. त्या वळणावर उभ्या असलेल्या एका मुलीला त्यांनी विचारलं, "इथे का गं वळलात?"

मुलीने त्यांच्याकडे नवख्या माणसाकडे बघावं तसं बघितलं. "इथे वळायचं असतं."

"कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला पाहिजे? मागच्या वर्षीची आठवी पण वळायची."

हेडसर हसले. "आमच्या वेळीही वळायची. मैदानात तशीच उभी राहते, मग इथेही राहिली. सवय, दुसरं काय."

"मैदानात आठवी कुठे उभी राहते ते दाखवता?"

दोरीखालून वाकून दोघं मैदानात गेले. हेडसरांनी झेंड्याच्या खांबापासून रांग चालून दाखवली. अर्ध्यात आपोआप त्यांचे पाय डावीकडे गेले, आणि ते थांबले. उजव्या हाताला, ते वळले नसते तर जिथे पाऊल पडलं असतं तिथे, विहीर उघडी पडली होती.

हेडसर एक पाऊल मागे सरले.

"वखारीत मैदान नव्हतं," इन्स्पेक्टर बाई म्हणाल्या. "मुलांच्या रांगा इथे आल्यावरच लागायला लागल्या. आणि त्या वळल्या, कारण वळायला विहीर होती. बुजलेल्या विहिरीला कुणी वळसा घालत नाही, सर. तुमच्या स्मरणिकेत खोटं लिहिलंय. कुणी लिहिलं?"

"मोठ्या सरांनी सांगितलं, आमच्या कारकुनांनी, दप्तरकाकांनी लिहिलं. मोठे सर तर वारले." हेडसरांनी घाम पुसला. "उघड्या विहिरीला आम्हीही वळसा घातलाय, पण स्मरणिका वाचून वाचून तेच खरं वाटायला लागलं. विहीर बुजवली ती मुकादमाने. तो आहे अजून."

३

मुकादम जावयाच्या घरी ओट्यावर बसून पाय चोळत होता. शाळेची चार खोल्यांची पहिली इमारत त्याने बांधली, वरचा मजलाही त्यानेच चढवला. आता त्याला ओट्याची पायरी चढवत नव्हती.

"विहीर ना? शाळेच्या आधीच बुजवली, जागा ताब्यात येताच," तो म्हणाला.

स्मरणिकेतलंच वाक्य. शब्दही तेच.

"हाडांखाली दोन फळ्या होत्या," इन्स्पेक्टर बाई म्हणाल्या. "बाकाच्या. दौत ठेवायचं भोक आहे त्यांना. बाकं दुसऱ्या वर्षी आली. दुसऱ्या वर्षी आलेली फळी पहिल्या वर्षी बुजलेल्या विहिरीत कशी गेली, मुकादम?"

मुकादमाने पाय चोळणं थांबवलं. आत भांडी वाजत होती. त्याने लेकीला हाक मारून दार ओढून घ्यायला सांगितलं.

"मीच टाकल्या," तो म्हणाला. "मान्यता द्यायला शिक्षणखात्याचे साहेब येणार होते. मैदानात उघडी विहीर असली तर मान्यता नाही, असं त्यांनी आधीच बजावलं होतं. सरांनी कळवून टाकलं होतं, विहीर बुजवली म्हणून. बुजवली कुठली? मुरमाच्या गाड्या मिळेनात. आदल्या दिवशी सर म्हणाले, झाकून टाक, साहेब गेले की बुजवू. मी मोडक्या बाकांच्या फळ्या टाकल्या, वरून माती पसरली, पाणी मारलं. नामी झालं होतं काम. तुम्हीसुद्धा चालत गेला असतात."

"हो. मीसुद्धा पडले असते."

मुकादम पुन्हा पाय चोळू लागला.

"दुसऱ्या दिवशी?"

"पहाटे सरांनी उठवलं. म्हणाले, गाड्या मिळाल्या, आत्ताच बुजव. गेलो तर मधे भगदाड. सर म्हणाले, ढोर पडलंय. मी मुरूम ओतला."

"खाली वाकून बघितलंत?"

"सरांनी बघू दिलं नाही." त्याने मान हलवली. "नाही. या वयात खोटं कशाला बोलू. मीच बघितलं नाही."

"कवायतमास्तर त्याच वेळी नाहीसे झाले. तुम्हाला कधी वाटलं नाही?"

"वाटून काय वाटणार? ते बसमध्ये चढले ना. निळी पिशवी होती हातात."

"तुम्ही बघितलं?"

"लोकांनी बघितलं."

"कोणत्या लोकांनी?"



४

पुढचे दोन दिवस इन्स्पेक्टर बाई गावात एकच प्रश्न विचारत फिरल्या. मास्तरांना बसमध्ये चढताना कुणी पाहिलं? शिंप्याने वाण्याकडून ऐकलं होतं. वाण्याने न्हाव्याकडून. न्हावी म्हणाला, माझ्या दुकानात काय कमी लोक येतात, कुणाचं नाव सांगू? दुसऱ्या बाईचं वर्णन प्रत्येकाचं वेगळं होतं. एकीच्या मते ती नर्स, दुसरीच्या मते तमासगिरीण, तिसऱ्याच्या मते बाई नव्हतीच, कर्ज होतं. सगळ्यांच्या बोलण्यात सारखी होती ती निळी पिशवी.

मास्तरांच्या पत्नी, बाईंच्या आई, खिडकीपाशी पलंगावर बसल्या होत्या. बाई शेजारी उभ्या होत्या.

"त्याचं नाव या घरात घेत नाही आम्ही," आई म्हणाल्या. "घेतलंच तर शिवी घालून घेतो."

"निळी पिशवी त्यांची होती का हो?"

"आमच्याकडे कसली निळी पिशवी! एक पत्र्याची पेटी होती. ती अजून माळ्यावर आहे. म्हणून तर जास्त राग. तिच्याबरोबर जायला नवी पिशवी घेतली मेल्याने."

"आई," बाई म्हणाल्या.

"काय आई? तू लहान होतीस. दारात बसून वाट बघायचीस. मी तुला उचलून आत आणायचे."

बाई भिंतीकडे बघत होत्या.

"तुम्हाला पहिल्यांदा कुणी सांगितलं? ते गेले म्हणून?"

"दप्तरकाकांनी. मोठ्या सरांनी बिचाऱ्यांना पाठवलं. तपासणीचाच दिवस होता, शाळेत पेढे वाटले त्या दुपारी. मी म्हटलं, हे तर सामन्यांना मुलं घेऊन गेलेत, अजून आले कुठे? तर मान खाली घालून म्हणाले, वहिनी, काल आले होते. लोक म्हणतात, निळी पिशवी घेऊन बसमध्ये चढताना दिसले." आईंनी पदर सारखा केला. "तेव्हापासून काकांनी आम्हाला अंतर दिलं नाही. हिला सायकल त्यांनी शिकवली, शाळेत घातलं, याच शाळेत नोकरीला लावलं. सख्खा दीर करणार नाही इतकं केलं. माणूस असावा तर असा."

परतताना बाई फाटकापर्यंत आल्या.

"काकांना त्रास देऊ नका," त्या म्हणाल्या. "त्यांनी ऐकलेलं सांगितलं."

"कुणाकडून ऐकलं असेल?"

बाईंनी फाटकाची कडी काढली. गावात गोष्ट पसरायच्या आधी ती काकांच्या तोंडी होती, हे दोघींनाही आत्ताच कळलं होतं.

५

"निळ्या पिशव्या?" हेडसर म्हणाले. "असणारच आठवणीत. माझीही होती. फाटेपर्यंत वापरली."

कवायतमास्तर जो संघ सामन्यांना घेऊन गेले होते त्याचे कप्तान हेडसरच होते.

"शेवटच्या दिवशी वाटल्या आयोजकांनी. प्रत्येक खेळाडूला एक, मास्तरांना एक. आम्ही लगेच निघालो. अंधार पडता पडता गाव आलं. मास्तर गावात आलेच नाहीत. मैदानाच्या मागच्या फाटकाशी गाडी थांबवून उतरले. म्हणाले, उद्या साहेब येणार, चुन्याच्या रेघा आखायच्या राहिल्यात. खांद्याला पिशवी लावली आणि गेले. दुसऱ्या दिवशी गावात ऐकलं की पळाले. मला वाटलं, रेघा आखून मग गेले असतील."

"रेघा आखल्या होत्या?"



"अर्ध्याच," हेडसर म्हणाले. "आम्ही तपासणीला अर्ध्याच रेघांवर उभे राहिलो. मला आठवतंय. आठवीची रेघ मधेच तुटली होती. मग आम्ही नेहमीसारखे वळून उभे राहिलो." ते खाली बसले. "मॅडम, मला कुणी कधी विचारलंच नाही."

"मास्तर मुलांना वळायला शिकवणारे. विहीर त्यांना डोळे मिटून माहीत होती. उघडी असती तर ते पडले नसते. जागा सपाट दिसली, त्यांना वाटलं बुजवली, आणि ते रेघ सरळ नेत पुढे गेले. ही गोष्ट इथपर्यंत कळली. पिशवी खाली सापडली नाही, म्हणजे ती काठावर राहिली. ती त्यांना त्याच दिवशी मिळाली होती आणि गावात कुणी त्यांना पाहिलंच नव्हतं. मग जो माणूस दुसऱ्या दिवशी दुपारी निळी पिशवी म्हणाला, त्याने ती कुठे पाहिली असेल?"

हेडसरांनी टेबलावरची स्मरणिका उलटी करून ठेवली.

६

दप्तरकाका शाळेचे पहिले कारकून. निवृत्त होऊनही शाळेचं प्रत्येक छापील अक्षर त्यांच्या हाताखालून जाई. इन्स्पेक्टर बाई गेल्या तेव्हा त्यांनी दार उघडून त्यांच्या मागे पाहिलं. मागे भूगोलाच्या बाई होत्या.

"ये, बाळ," ते म्हणाले. मग त्यांनी दोघींना आत घेतलं.

इन्स्पेक्टर बाईंनी रांगेपासून पिशवीपर्यंत सगळं सांगितलं. काका ऐकत राहिले. त्यांनी एकदाही हरकत घेतली नाही. मधे एकदा उठून पंखा लावला.

"एकच मला कळलं नाही," इन्स्पेक्टर बाई शेवटी म्हणाल्या. "विहीर झाकलीय हे मास्तरांना सांगायला कुणीच कसं नाही?"

"सांगितलं होतं," काका म्हणाले. "आमच्याकडे तोंडी निरोप चालत नसे. शिक्षकांच्या खोलीत फळा होता. त्यावर लिहिलं की सगळ्यांना सांगितलं असं धरायचं. मोठ्या सरांची शिस्त. मी लिहिलं, विहिरीवर फळ्या आहेत, तिकडे कुणी जाऊ नये. सगळ्यांनी वाचलं."

"मास्तर त्या खोलीत जायचे?"

"कधीच नाही. त्यांचं सामान मैदानावरच्या पत्र्याच्या खोलीत असायचं. तिथेच बसायचे." काकांनी हात मांडीवर ठेवले. "हे सगळ्यांना माहीत होतं. मलाही. तरी लिहून हात झटकले आणि घरी आलो. मला वाटलं, शिपाई सांगेल. शिपायाला वाटलं, सर सांगतील. सरांना वाटलं, फळ्यावर आहे."

"आणि पहाटे?"

"मैदान बघायला गेलो. काठावर पिशवी होती."

"जिवंत होते?" बाईंनी विचारलं.

"माहीत नाही."

"काका."

"हाक मारली, बाळ. उत्तर आलं नाही."

"किती वेळा मारली?"

काकांनी खिडकीकडे पाहिलं. "एकदा. मोठ्याने मारता येत नव्हती. शेजारची घरं जागी व्हायला लागली होती. सर आले. म्हणाले, आज हे बाहेर आलं तर मान्यता गेली. मग शाळा कधीच नाही. पोरी सातवी झाल्या की घरी बसतील. तूसुद्धा बसली असतीस. सर म्हणाले, गेलेला माणूस परत येत नाही, शाळा तरी राहू दे. मी पिशवी उचलली."

"आणि बसची गोष्ट?"

"ती माझी. सरांनी नुसतं सांगितलं होतं, काहीतरी कळव. लोक विचारतील, हातात काय होतं, कपडे कसे होते. खरं वाटायला एक तरी खरी वस्तू लागते. पिशवी समोर होती. दुसऱ्या बाईचं मी बोललो नव्हतो. ते गावाने जोडलं."

"तुम्ही खोडलंही नाही."

"नाही."

बाई उठल्या. त्यांचा चेहरा वर्गात असतो तसाच होता. रडू येईल असं त्यांना वाटलं होतं, पण आलं नाही. हा माणूस आपल्या सायकलची सीट धरून रस्ताभर धावायचा, हे त्यांना आठवलं. त्याबद्दल आता काय वाटायला हवं, ते त्यांना कळेना.

"मॅडम, तुमचं जे काय असेल ते नंतर करा," त्या म्हणाल्या. "काका, चपला घाला."

"कुठे?"

"आईकडे. ज्या तोंडाने ते सांगितलंत त्याच तोंडाने हे सांगा. मी सांगितलं तर तिला खोटं वाटेल."

७

आईंनी काकांना बघून नेहमीसारखी खुर्ची पुढे करायला सांगितली. काका बसले नाहीत. ते उभ्यानेच बोलले, पहिल्यापासून, काही न गाळता. इन्स्पेक्टर बाई दाराशी थांबल्या होत्या. रस्त्यावर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

काकांचं सांगून झालं. आई चादरीची घडी सारखी करत होत्या. ती झाल्यावर त्यांनी पुन्हा मोडली.

"म्हणजे ते घरीच यायला निघाले होते," त्या म्हणाल्या.

"हो, वहिनी. रेघा आखून झाल्या की."

"आणि मी त्यांना रोज शिव्या दिल्या. तुमच्यासमोर दिल्या. सणासुदीला दिल्या."

"हो."

"तुम्ही चहा पीत ऐकून घेतल्यात."

बाईंना वाटलं, आता आई ओरडेल, काहीतरी फेकेल, काकांना बाहेर काढेल. आईंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं, नुकतीच ओळख होत असल्यासारखं.

"मी निघतो," काका म्हणाले.

"निघता कुठे? बसा." आवाज चढला नाही. "वाईट इतकी वर्षं ऐकलंत. आता दुसरं ऐका. ते कसे होते ते मी कुणालाच सांगितलं नाही. हिलासुद्धा नाही. ऐकून झाल्यावर जा. मग तुम्हाला कुठे न्यायचं ते या मॅडम बघतील."

काका खुर्चीच्या कडेवर बसले.

बाईंनी स्टूल ओढलं. त्या मास्तरांची मुलगी होत्या, त्यांच्याच शाळेत शिकल्या, तिथेच शिकवत होत्या, आणि वडिलांबद्दल एकही बरी गोष्ट त्यांना माहीत नव्हती.

आई आठवत होत्या. खूप दिवस बंद असलेली खोली आवरायला कुठून सुरुवात करावी ते कळू नये, तशा.

"झोपेत त्यांची बोटं हलायची," त्या म्हणाल्या. "एक दोन, एक दोन. झोपेतसुद्धा मुलांना चालवायचे. मी हात धरला की थांबायची."